बहीण म्हणून केलेली सही

परभणी,
११ फेब्रुवारी २०२५

कुसुममावशी,

सप्रेम जयभीम. तुमी आन् लिंबाजीकाका बरे असाल. गुडघा कसाय तुमचा? झरीला हरभरा काढायला आला असंल. आमी बरे आहोत.

नाही, बरे नाही आहोत. दुसरा कागद नाही, म्हणून वरचं तसंच राहू देते.

तुमची लेक बबिता शनिवारी बाळंत झाली. मुलगी. दीड महिना आधीच आली, वजन एक किलो सहाशे. काचेच्या पेटीत ठेवलंय. बबिता आयसीयूत हाय. काल तिनं डोळे उघडले. धोका टळला म्हणतात, तरी मला एका जागी बसवंना.

तिला दिवस गेल्याचंच तुमाला ठाऊक नव्हतं. नांदेडच्या दवाखान्यात लेकरू राहण्याचा इलाज घेतला, तेव्हा राहिलं. लेकरू तिलाही हवं होतं, मलाही. पण तीन वर्षांपूर्वी आमी दोघी जोडीनं राहायलोत हे कळलं, तसं तुमी फोन उचलणंच सोडलं. सांगणार कसं?

पाचव्या महिन्यात इथल्या दवाखान्यात तपासणीला गेलो. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

बबिता म्हणली, "नवरा नाही. ही राजेश्री. आमी दोघीच हाव."

"आता हे काय नवीन?" ती मोठ्यानं बोलली. रांगेतल्या बाया हसल्या. बबिता कागद तिथंच ठेवून निघाली, ती परत तपासणीला गेलीच नाही.

आता जे टाळायलेय ते लिहिते. तिच्या पायांवर सूज होती. शनिवारच्या आधी आठ दिवस डोकं दुखायलं होतं. मी म्हणलं, चल. ती म्हणली, "तिथं नको." आन् मी ऐकलं, मावशी. दुसरा दवाखाना शोधला नाही. त्या हसण्याची मलाबी धास्ती बसली होती. शनिवारी सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणली, "राजे, मला दिसंना." रिक्षातच फिटचा झटका आला. बीपी लय वाढलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी ऑपरेशनच्या कागदावर बहीण म्हणून सही केली. खरं सांगितलं तर बाहेर काढतील, असं वाटलं.

रविवारी बाळाकडच्या वैष्णवी सिस्टर म्हणल्या, "बाळाला ऊब द्यायला उघड्या छातीशी धरणारं कोणीतरी लागतं. आईला इतक्यात जमणार नाही. तुमी बाळाची मावशी, चालंल, पण रोज यावं लागंल. जमंल का?"

तिथं मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला नळापाशी नेलं. मग म्हणल्या, "मग तुमीबी आईच की, मी जमंल का म्हणून काय विचारायलेय? हात कोपरापर्यंत धुवा. अंगठी काढा."

मावशी, ती माझ्या छातीवर पडून श्वास घेती. एखादा श्वास लांबला की माझा जीव टांगणीला लागतो.

बबिताला शुद्ध आली तेव्हा पहिला शब्द "आई" निघाला. या तुमी. माझ्याशी बोलू नका, मी बाहेर बाकावर बसते. फक्त बाळाला धरायची वेळ झाली की मला आत जावं लागंल. तेवढं अडवू नका.

तुमच्या बबिताची,
राजेश्री