एकशे सतरावं कुलूप

अधिवेशनाचा एकविसावा दिवस

तीर्थरूप दादास,

सभागृहातल्या अठ्ठेचाळीस नंबरच्या बाकावरून, बसल्या जागेवरूनच साष्टांग नमस्कार. (खरोखर साष्टांग घातला तर अध्यक्ष कामकाज तहकूब करतील, आणि आत्ता बोलणारे सदस्य गेले चार दिवस या दहा मिनिटांची वाट बघत होते, त्यांचे शाप नकोत.) तू, वहिनी आणि दोन्ही पोरी खुशाल असाल असं धरून चालते. तुझी कंबर कशी आहे? मोठीचा चष्म्याचा नंबर वाढला का? धाकटी अजून दूध कुंडीत ओतते का, की कुंडीतलं झाड आता दूध नको म्हणायला लागलं? इकडे आईची तब्येत उत्तम. गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमी.

तू रागावला आहेस हे मला माहीत आहे. दर रविवारी सकाळी येणारा तुझा फोन तीन रविवार आला नाही. सरकारी शिक्क्याचं पत्र गाव सोडून गेलेल्या झाडून सगळ्यांना गेलं आणि सख्ख्या भावाला तेवढं गेलं नाही, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलंच असणार. (शिंप्याने घातलं असणार. त्याच्या पोटात टाका राहतो, बाकी काही राहत नाही.) तेव्हा काय झालं ते सगळं पहिल्यापासून सांगते. रागवायचं ते शेवटी रागव, मधे मला उपप्रश्न नकोत.

मूळ दुखणं शाळेचं. आपली शाळा बंद करायचं घाटतंय. नियम असा की पटावर साठाहून कमी मुलं असली की शाळेला टाळं आणि मुलांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. आपल्या पटावर त्रेचाळीस. सवलत फक्त 'स्थलांतरग्रस्त' भागाला मिळते, म्हणून मी यंदा कंबर कसून स्थलांतरावर तारांकित प्रश्न टाकला : आमच्या भागातून गेल्या दहा वर्षांत किती माणसं गेली? मंत्र्यांनी उभं राहून शांतपणे वाचून दाखवलं की ही माहिती खात्याकडे उपलब्ध नाही, कारण गेलेल्या व्यक्तींनी जाताना खात्याला कळवलेलं नाही. मी उपप्रश्न विचारला, मग जे गेले नाहीत त्यांनी तरी राहताना कळवलंय का? ते म्हणाले, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा आहे. त्याच दिवशी नदीपलीकडच्या दवाखान्याची लिफ्ट चौदा महिने बंद का, हाही माझा प्रश्न होता. उत्तर आलं की दुरुस्ती करणारा माणूस त्या भागात उपलब्ध नाही. सख्खा भाऊ लिफ्टचा कारागीर असलेल्या बाईने हे ऐकून काय करायचं असतं? मी पाणी प्यायले.

मग मी हट्टाला पेटले. चिटणीसांना घेऊन गावातल्या प्रत्येक गल्लीतून फिरले आणि बंद घरांची कुलपं मोजली. एकशे सतरा. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांच्या वेळात मी सभागृहात ते एकशे सतरा अशा काही आवाजात म्हटलं की मागच्या बाकावरचे झोपलेले सदस्य जागे होऊन मतदान समजून हात वर करते झाले. इतिवृत्तात आकडा गेला. मंत्री म्हणाले, एक पाहणी समिती पाठवू, कुलपं डोळ्यांनी पाहू, खरी निघाली तर सवलत देऊ. मी बाक वाजवला. (स्वतःच्याच विषयावर वाजवायचा नसतो, पण माझं भान सुटलं होतं.)

समितीने घरमालकांची नावं आणि हल्लीचे पत्ते मागितले. ती यादी मी घरी बसून हाताने केली. एकशे सोळा नावं झाली. चिटणीसांनी दोनदा मोजली आणि म्हणाले, ताई, कुलपं एकशे सतरा, माणसं एकशे सोळा, एक कुलूप बेवारस आहे. मी म्हटलं, मोजण्यात चुकलं असेल, पाठवा. इथे मी चुकले, कारण 'पाठवा' म्हणताना कुणाला ते मी सांगितलं नाही.

आता चिटणीसांबद्दल तुला सांगायला हवं. बावीस वर्षं त्यांनी तीन आमदारांची कार्यालयं सांभाळली आहेत आणि त्यांची एकच निष्ठा आहे : टेबलावर यादी आली की त्या यादीतल्या सर्वांना कार्यक्रमाचं निमंत्रण गेलंच पाहिजे. माझ्या आधीच्या आमदारांच्या वेळी मतदारयादीतून वगळलेल्या मयतांना वाचनालयाच्या उद्घाटनाची पत्रं गेली होती. (चिटणीस म्हणतात, उपस्थिती तरीही बरी होती.) तर या निष्ठावंत माणसाने समितीला यादी पाठवली ती पाठवलीच, शिवाय यादीतल्या एकशे सोळा कुटुंबांना शिक्क्यानिशी कळवलं, की अमुक दिवशी समिती आपल्या घराची समक्ष पाहणी करणार आहे, तरी आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.

दादा, पुढाऱ्यांनी इतकी वर्षं हाका मारल्या, योजना काढल्या, एकाही योजनेला एक माणूस परत आला नाही. या पत्राने सगळे आले. कशासाठी, तर घर झाडायला. बाहेरची चार माणसं घर बघायला येणार आणि कोपऱ्यात जळमटं, ही कल्पनाच बायकांना सहन होईना. कुणी रजा टाकली, कुणी आजारी पडलं, कुणी साहेबाला खरंच सांगितलं आणि तेच कुणाला पटलं नाही. पाहणीच्या दोन दिवस आधी मी गावात उतरले तर गल्लीत धुळीचा लोट, गच्चीवर गाद्या, आणि आठ वर्षं न बोलणाऱ्या दोन शेजारणी एकच शिडी आळीपाळीने वापरतायत. मी दारोदार हात जोडले, म्हटलं, बाबांनो, एक दिवस कुलपं लावून नदीवर जाऊन बसा. गवंड्याची बायको म्हणाली, फरशी आत्ताच पुसलीय, वाळेपर्यंत थांबा, मग बोलू. जनप्रतिनिधीला उंबऱ्याबाहेर उभं केलं तिने, आणि मी उभी राहिले.

समिती आली. तिचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनियर, हाताला लागेल तेवढंच खरं मानणारे. कुलपं हलवून बघायची म्हणून ते हातमोजे घालून आले होते. पहिलं घर उघडं. दुसरं उघडं. तिसऱ्या घरी चहा. चौथ्या घरी चहा घेतल्याशिवाय सोडेनात. नवव्या घरापाशी समितीतले सगळ्यांत धाकटे सदस्य माझ्या कानाशी लागून, घर बघायच्या निमित्ताने जरा आतलं न्हाणीघर बघता येईल का, असं विचारू लागले. (अहवालात पान चारवर 'सर्व घरांतील स्वच्छतागृहांची सोय समाधानकारक आढळली' असं आहे. ते वाक्य अनुभवातून आलंय.) अध्यक्ष दर घरापुढे हातातल्या यादीवर फुली मारत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी आकाशाकडे बघत होते.

शाळेत तर कहर. आया झाडण्यात गुंतल्या, पोरं पायात यायला लागली, म्हणून मोठ्या बाईंनी सरसकट सगळी वर्गात कोंबली. एका बाकावर पाच-पाच. पट त्रेचाळीसचा, हजेरी एकशे एकसष्ट. शेवटच्या बाकावर सव्वीस वर्षांचा वीजतंत्री बसला होता, जुनी जागा म्हणून. अध्यक्षांनी नेमकं त्यालाच सतराचा पाढा विचारला. तो लहानपणी जिथे अडायचा तिथेच अडला. मोठ्या बाईंनी सवयीने त्याला उभं राहायला सांगितलं आणि तोही उभा राहिला.

शेवटी सगळी वरात (पुढे समिती, मागे गाव, मधे मी आरोपीसारखी) खालच्या गल्लीच्या टोकाला आली. तिथे अध्यक्षांचा चेहरा एकदम उजळला. कुलूप. खरंखुरं, गंजलेलं, दाराशी गवत वाढलेलं. त्यांनी ते तीनदा हलवलं. हातमोज्याला गंज लागला तसे खूष होऊन म्हणाले, हे यादीत नाही, हे कुणाचं? सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. माझी भाषणं माइकशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत जातात हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी माझा आवाज माझ्याच पदरापर्यंत पोचेना.

"माझ्या भावाचं," मी म्हटलं.

किती वर्षं बंद आहे? नऊ. का गेले? मी म्हटलं, गावात दुसरा मजलाच नाही, लिफ्टचा माणूस राहून काय करणार? मग परत का येत नाहीत? तू दर रविवारी जे सांगतोस तेच मी सांगितलं, की घराची किल्ली कुठे ठेवली ते त्याला आठवत नाही, सापडली की येणार आहे. अध्यक्षांनी तेही लिहून घेतलं.

अहवाल परवा पटलावर आला. 'प्रत्यक्ष पाहणीत स्थलांतरित कुटुंबे : एक. सदर कुटुंब प्रश्नकर्त्या सदस्यांचे आहे. कारण : किल्ली.' मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी आधी घरचं स्थलांतर थांबवावं. सभागृह हसलं, माझा पक्षही हसला, शेवटी मीही हसले, कारण एकटीने न हसता बसणं फार अवघड असतं. सवलत अर्थातच मिळाली नाही. पण त्या दिवशीची हजेरी एकशे एकसष्ट असल्यामुळे शाळा लगेच बंद होणार नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पट पुन्हा मोजतील, आणि या खेपेला दाखले बघून.

तर हे असं झालं. चिटणीस म्हणतात, ताई, आपलं गणित मात्र बरोबर निघालं, एकशे सतरातून एकशे सोळा गेले. मी त्यांना दोन दिवसांची रजा दिली आहे. वहिनींना नमस्कार, पोरींना पापे. माझ्यासाठी मन वाईट करून घेऊ नकोस, सभागृहात राहून माझी कातडी चांगली जाड झाली आहे.

तुझी बहीण
(सभागृहात सन्माननीय सदस्या, आईकडे 'अगं ए')

ता. क. : तू यावंस म्हणून मी हे लिहिलेलं नाही. तुझं तिकडे सगळं बसलंय, पोरींची शाळा आहे, मला कळतं. फक्त खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

आणखी ता. क. : आलेली सगळी माणसं परत गेली नाहीत. घरं उघडल्यावर सगळ्यांनाच छप्परं दिसली, आणि गवंड्याला गावातच आठ महिन्यांचं काम निघालं. तो राहिला, त्याचं बघून सुतार राहिला, पडदे शिवायचे म्हणून शिंप्याच्या भावाचं कुटुंब राहिलं. पाच कुटुंबं, पंधरा मुलं. त्रेचाळीस आणि पंधरा अठ्ठावन्न होतात. साठाला दोन कमी. मी काही म्हणत नाही. मोठ्या बाईंनी मात्र खिडकीजवळचा एक बाक पुसून रिकामा ठेवला आहे, त्यावर दोन मुली मावतात.

आणखी एक : लिफ्टच्या उत्तराचा पाठपुरावा केला. दवाखान्याने कारागिराची जागा काढली आहे. मी शब्द टाकणार नाही, तसं केलं तर विरोधक मला उभी सोलतील. अर्ज तुझा तू कर, अक्षर जरा नीट काढ.

आणि यादीचं : मी तुझं नाव लिहिलं होतं. एकशे सतरावंच होतं. आईने चष्मा लावून यादी वाचली, पेन घेतलं आणि ते खोडलं. म्हणाली, "तो गेलेला नाहीये. कामाला गेलाय." नऊ वर्षं ती हेच म्हणतेय. मला ते पुन्हा लिहिण्याचा धीर झाला नाही, म्हणून तुला निमंत्रण गेलं नाही. हे पत्र तेच निमंत्रण समज. तुझी उपस्थिती प्रार्थनीय आहे.

शेवटचं, देवाशपथ : किल्ली शोधू नकोस. परवा आईने गवंड्याकडून कुलूप तोडून घेतलं. दोन खोल्या झाडून झाल्या आहेत, तिसरीत हात पोचत नाही म्हणून ती तुझी वाट बघतेय. दार सध्या उघडंच असतं, आत मांजर शिरतं. तेव्हा जरा लवकर ये.