चेनवाल्या घराची धास्ती

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, जिना उतरताना कठडा सोडू नका. पडायला वेळ लागत नाही, उठायला लागतो. तू तुझं बीपी मोजतेस, की नुसतंच दुसऱ्यांना मोजायला सांगतेस? इकडे आम्ही तिघंही हातीपायी धड आहोत. ‘अजून’ हा शब्द मी मुद्दाम गाळला आहे, कारण तू घाबरशील, आणि एका घराण्याला एक घाबरट पुरेसा आहे.

तर बारकी (आता माझ्याहून चार बोटं उंच झाली, पण नाव पडलं ते पडलं) एकवीस तारखेला तुमच्या गावी कॉलेजात येणार आणि हॉस्टेलवर राहणार, हे तुला ठाऊक आहेच. त्याआधी आपण तिघांनी डोंगरापाशी जाऊन दोन दिवस तंबूत राहायचं, असं तिच्या मनात आलं. आजवर पोरीनं कधी काही हट्टानं मागितलं नाही, हे एवढंच मागितलं. पुन्हा आपण तिघं असे कधी असणार, म्हणाली. मला नाही म्हणवेना आणि हो म्हणायला धीर होईना. तेवढ्यात तुझ्या भावजयीनं परस्पर ‘जाऊ या की’ म्हणून टाकलं. तंबू निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दारं-खिडक्यांतलं मला कळतं असा आमच्या घरात समज आहे.

अक्का, सव्वीस वर्षं मी कुलपं दुरुस्त करतो. माझ्याकडे येणारं माणूस एक तर चोरी झालेलं असतं, नाही तर किल्ली हरवलेलं. सुखात असलेलं कोणी माझ्या दुकानाची पायरी चढत नाही. दिवसभर हेच ऐकून ऐकून मला कुठलंही दार दिसलं की आधी त्याच्यामागे उभा असलेला माणूस दिसतो. अशा माणसाला तुम्ही तंबू बघायला पाठवता! तंबूला कडी नाही, कोयंडा नाही, बिजागरी नाही. चेन असते. आपल्या पँटला असते तीच, जरा लांब. मी दुकानातल्या तंबूवाल्याला (गळ्यापर्यंत बटणं लावलेला, फार सभ्य मनुष्य) विचारलं, बाहेरून कोणी ही चेन उघडली तर? तो म्हणाला, "कोण उघडणार, साहेब? तिकडे चिटपाखरू नसतं." हे त्यानं मला धीर द्यायला सांगितलं. चिटपाखरू नसतं म्हणजे हाक मारली तर ओ द्यायलाही कोणी नसतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर हिरवी सतरंजी घालून सात-आठ तंबू उभे केले होते. दोन माणसांचा, तीन माणसांचा, चार माणसांचा. (चार माणसांचा म्हणजे चौघांनी आळीपाळीनं श्वास घ्यायचा.) एक पाहिला तर त्याचं कापड इतकं पातळ, की पलीकडे उभ्या बाईंच्या बांगड्या मोजता येत होत्या. दुसऱ्याला पुढून एक आणि मागून एक अशी दोन दारं. हवा खेळती राहते म्हणे. एका दाराची राखण करायची मारामार, तिथं दोन! शेवटी बारकीनं एक निळा तंबू पसंत केला. त्याची जमीन भिंतींना शिवलेली, खिडक्यांना जाळी शिवलेली, मुंगीसुद्धा आत शिरणार नाही अशी तंबूवाल्याची हमी. आम्ही चपला काढून तिघंही आत गेलो.

आणि इथं माझी बुद्धी चळली. चेन ओढायच्या दोन्ही पकडींना बारीक भोकं असतात. माझ्या खिशात नेहमी एखादं कुलूप असतंच. म्हटलं, आतून चेन लावून बसतं का बघू. दोन्ही भोकांतून घातलं, दाबलं, खट्! इतकं चपखल बसलं की मला सव्वीस वर्षांत असा आनंद झाला नव्हता. मग किल्ली आठवली. कुलूप आणि किल्ली एका ठिकाणी ठेवायची नाही, हे मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो आणि स्वतःही पाळतो. किल्ल्या पिशवीत होत्या. पिशवी खाली दुकानाच्या दाराशी जमा केलेली. तिचा बिल्ला माझ्या खिशात, आणि मी तंबूत. तंबूवाला रदबदली करून पिशवी घेऊन आला खरा, पण किल्ली आत कुठून देणार? मुंगीला वाट नव्हती.

बाहेर माणसं जमली. कात्री आणू का, असं कोणी तरी म्हणालं. तुझी भावजय उशाला हात घेऊन आडवी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात शांत वाटतंय, म्हणाली. मी तिच्या अंबाड्यातला आकडा घेऊन कुलपात घातला. असली कुलपं मी बोलता बोलता उघडतो. पण अक्का, तीनदा आकडा घातला आणि तीनदा निसटला. कुलपानं मला दाद दिली नाही, असं पहिल्यांदाच झालं. खोटं कशाला सांगू, मला त्या तंबूची भीती नव्हती वाटत. बारकी शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि मी तिला शेवटचं कोंडून ठेवतोय, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. तिनं माझ्या हातातून आकडा काढून घेतला, कान कुलपाशी नेला आणि आकडा दोनदा फिरवला. उघडलं! दुकानात माझ्याशेजारी अभ्यास करता करता ही कधी शिकली, देव जाणे. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत शेवटी रांगत बाहेर आलो.

तोच तंबू घेतला. दुसरा घेतला असता तर त्याच्याशी नव्यानं ओळख करावी लागली असती. शनिवारी निघतो आहोत. दाजींना नमस्कार. गुडघा जपा.

तुझा धाकटा

ता. क. : एवढं सगळं लिहिलं ते तंबूसाठी नव्हे. बारकी आली की एकदा तिच्या हॉस्टेलच्या खोलीवर जाऊन ये. दाराला आतून कडी आहे ना, खिळखिळी नाही ना, खिडकी नीट लागते ना, हे स्वतः हात लावून बघ आणि मला कळव. मी लिहिलं म्हणून आलीस असं तिला सांगू नकोस. सहज आले होते, म्हण.

ता. क. २ : आत्या, हे मी लिहितेय. बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. खोली बघायला तू नक्की ये. कडी कशीही असली तरी त्यांना ‘भक्कम आहे’ असंच कळव. आणि तो पहिला आठवडा जमलं तर माझ्याकडे हॉस्टेलवर राहायलाच ये, पाहुणे चालतात, मी विचारून ठेवलंय. मलाही फार भीती वाटतेय, तेवढं मात्र त्यांना लिहू नकोस.