मुठीतली गोळी

आई, हे आज सकाळपासून गाणं गुणगुणताहेत आणि मला धास्ती बसली आहे. नवरा खुशीत आहे म्हणून घाबरणारी बायको जगाला वेडी वाटेल, तुम्हाला वाटणार नाही. उजाडायच्या आधी उठून यांनी स्कूटर धुतली, शेजारणीच्या तुळशीला पाणी घातलं, आणि चहा उतू जाईपर्यंत माझ्याशी मिलच्या गोष्टी करत राहिले. "माझ्या मुलाचं दुखणं रडत येत नाही, हसत येतं," असं तुम्हीच मला सांगितलं होतं.

मिल बंद पडली ते दिवस आठवतात? आपल्या फ्रीगंजात घरोघरी रंगीत टीव्ही येत होते, टावर चौकात नवनवी दुकानं उघडत होती, आणि मिलच्या हिशेबखात्यात बाबू असलेले हे दिवसभर त्या चौकात उभे राहू लागले. आधी लॉटरी, मग सट्टा. सट्ट्याचे पैसे घेणारा खाईवाल मोठा गोडबोल्या, उधारीवरही आकडा लावून घ्यायचा. उधारी चढत गेली तशी यांची झोप उडाली. बसच्या पाट्यांत, देवळाच्या घंटांत, माझ्या बांगड्यांच्या किणकिणीत यांना आकडे ऐकू यायला लागले. मी बांगड्या काढून स्वयंपाक करू लागले. सवाष्णीचे हात मोकळे पाहूनही तुम्ही काही बोलला नाहीत, त्यावरूनच मला कळलं की तुम्हीही घाबरल्या आहात.

इंदूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, गोळी चुकली तर जिवाशी गाठ आहे. पण सट्टेबाजांचं शास्त्र निराळं. वेड्याच्या तोंडून निघालेला आकडा लागतो म्हणे. यांनी बडबडलेला आकडा एकदा खरंच लागला, आणि आपल्या ओट्यावर रांग लागली. माणसं पोहे-जिलेबी घेऊन यायची, यांच्या पाया पडायची. "बाबूजी, आज क्या आएगा?" वर सल्लाही द्यायची, "गोली मत खाना, अंक दिखना बंद हो जाएगा." आणि हे गोळी थुंकायला लागले. पाण्यात आकडे दिसतात म्हणून क्षिप्रेत उतरले, तेव्हा घाटावरच्या लोकांनी ओढून घरी आणलं. त्या दिवशी तुम्ही भैरवगढची लाल छापाची चादर दारात अंथरलीत आणि कपडे धुवायची मोगरी घेऊन बसलात. "बीमार है मेरा लडका, देवता नहीं. चलो, निकलो यहाँ से!" मग वळून मला म्हणालात, "सूनबाई, ते पोहे गायीला घाल. नको, गायीनं काय पाप केलंय? नालीत टाक." त्या दिवसांत मी हसले असेन तर तेवढीच.

म्हणूनच ती दुपार मला अजून सोडत नाही. खाईवालाची माणसं सकाळी येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावून गेली होती. संध्याकाळपर्यंत पैसे, नाहीतर यांचे हातपाय. मी कणीक मळते आहे. मधल्या खोलीत तुम्ही यांच्यासमोर बसल्या आहात, शेजारी पाण्याचा गडू, मुठीत गोळी. मला वाटतं, नेहमीसारखं चुचकारताय. तुम्ही अगदी हळू म्हणता, "आधी आकडा सांग ना रे बाळा. आजच्यापुरता. मग गोळी देते." माझे हात कणकेत तसेच राहतात. गल्लीभर आकडे वाटणारे हे तुमच्याकडे नुसतं बघत बसतात. मग तळहात पुढे करतात. "आई, गोळी दे." तुम्ही दिलीत. उठून वळलात तर दारात मी. तुम्ही हातातल्या पाटल्या काढायला लागलात. साबण लावूनही निघेनात, तेव्हा मीच तेल आणून दिलं.

पाटल्यांत उधारी फिटली. त्या दुपारबद्दल आपण कधीच बोललो नाही, आणि तुम्ही मोकळ्या हातांनीच गेलात. मला राग आला असेल असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं असणार. राग नव्हता आला, आई. भीती वाटली होती. तुमच्या आडोशाला मी उभी होते. तुमच्यासारखी बाई तिथवर पोचू शकते, तर माझं काय, असं वाटलं होतं.

आता ओट्यावर कुणी येत नाही, सट्टा फोनमध्ये आला आहे. यांचा फोन मी पिठाच्या डब्यात लपवलाय. मिलचे पैसे अजून कोर्टात अडकलेत, घरभाडं थकलंय, मालक परवाच तोंड वाजवून गेला. हे पत्र घरात ठेवायची सोय नाही. कागद हाती लागला की हे त्यात आकडे शोधतात, म्हणून यात तारीखसुद्धा घातली नाही. लिहून झालं की गॅसवर धरीन.

सकाळी चहा पिता पिता हे मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघून आकडा बोलले. शांत, स्वच्छ आवाजात. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आता गोळीची वेळ झाली आहे, हे आतून हाका मारताहेत. गोळी माझ्या मुठीत आहे. आणि आई, तो आकडा मला पाठ आहे.