दोन वेढ्यांची गाठ

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला म्हणतोस, पण अक्षरावरून गेलेला दिसत नाही. गळ्याला मफलर गुंडाळत जा. क्रेनच्या त्या केबिनमध्ये बसून वाऱ्याशी पैज लावू नकोस.

इथे एक प्रकार झाला. तुझ्याखेरीज कुणाला सांगणार? गेल्या महिन्यात मागांच्या शेडमध्ये मोटर जळाली. बघता बघता धूर भरला. पुढच्या दाराशी झुंबड उडाली, म्हणून बाकीच्या मागच्या दाराकडे धावल्या, तर त्याला बाहेरून कुलूप. लोकर चोरीला जाते म्हणून मालक दिवसरात्र ते लावून ठेवतो आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. मुकादम गेला होता चहाला. धूर आपोआप ओसरला म्हणून आज हे लिहायला मी आहे.

दुसऱ्या दिवशी आठ जणी मालकाकडे गेल्या. पाळी चालू असताना कुलूप नको, एवढंच मागणं. आठही जणींना त्याच दिवशी घरी बसवलं. मी नववी व्हायला हवी होते रे. त्यांनी मलाही बोलावलं होतं, पण मी मान खाली घालून गालिचे बांधत राहिले. घरात कमावती मी एकटी, हे खरंच आहे. तरी रात्री डोळा लागत नाही.

परवा माल जहाजावर चढला. तुझ्या बंदराला लागला तर विचारपूस कर त्याची. हे पत्र वाचून फाडून टाक. फोन करू नकोस, दुकानातल्या फोनला दहा कान असतात. पोरीचा तुला पापा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकला खरंच गेला. अक्षर जन्मापासूनच असं आहे.

ताई, तुझा माल माझ्याच धक्क्यावर उतरला! पहिली रास खाली ठेवली आणि मी क्रेनवरून उतरून जवळ गेलो. गोणपाटात गुंडाळलेला गालिचा, वर दोरी, आणि दोरीला बाबांची गाठ. दोन वेढे, शेपूट खालून आत, डावीकडे ओढ. कितीही वजन पडलं तरी हलत नाही आणि शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. हमाली करून बाबांनी आपल्याला दिलेली ही एकच इस्टेट.

मग माझ्याने राहवलं नाही. संध्याकाळी युनियनच्या खोलीत सगळं सांगितलं. तुझं नाव नाही, गावाचं नाही. आमच्यातला सगळ्यात जुना गडी, ज्याला आम्ही आजोबा म्हणतो, तो उठला. तो म्हणाला की आपण चाळीस दिवस फाटकाबाहेर होतो तेव्हा आपल्याला ज्याचं नावही धड घेता येत नव्हतं अशा देशातल्या रेल्वेवाल्यांनी आपल्या मालकाचा कोळसा डब्यातून उतरवला नव्हता. त्यांची नि आपली कधी तोंडओळखही झाली नाही. लगेच सगळ्यांचे हात वर गेले. तुमचे गालिचे धक्क्यावर ताडपत्रीखाली आहेत. दार उघडल्याशिवाय आमच्यातला एकही त्यांना हात लावणार नाही.

पेपरवाला आला होता. मी गालिचा उभा धरला आणि त्याने गाठीचा झकास फोटो काढला. कात्रण सोबत आहे. आता तरी नीट झोप. पोरीला लाडाचा धपाटा. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर बिघडणार नाही.

तुझा
धाकटा

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आ.

अनेक आणि उत्तम आज गाळले आहेत, कारण समजून घे.

अरे शहाण्या, माझं नाव छापलं नाहीस, पण सही छापलीस! तळहाताएवढी मोठी! पॅकिंगला आम्ही सहा जणी आहोत. पाच जणी साधी गाठ मारतात, ही एकटी मीच. मुकादमाने आजवर फक्त गालिचे मोजले, गाठींकडे कधी पाहिलं नाही, म्हणून अजून वाचले आहे. माल घेणाऱ्यांनी तेच कात्रण मालकाला धाडलंय. काल तो फोटो हातात घेऊन मुकादम गोदामात हिंडत होता. जेवणाच्या सुट्टीत मी न जेवता माझ्या राशीतल्या सगळ्या गाठी सोडून पुन्हा साध्या बांधल्या. काकू, म्हणजे माझ्या शेजारी बसणारी म्हातारी, डबा खाता खाता बघत होती. बोलली काही नाही. त्याचीच जास्त धास्ती वाटते.

घरी खाटेच्या पायाला दोरी बांधून साध्या गाठीची सवय करते आहे. मन जरा दुसरीकडे गेलं की हात आपोआप दुसरा वेढा घेतात. पोरीने विचारलं की आई, खाट पळून जाणार आहे का?

तुमच्या लोकांना म्हणावं, उपकार झाले, पण माल सोडा. मुकादमाची पावलं वाजली की दोरी पाठीमागे लपवते. रागावले आहे, तरी जेवत जा.

तुझी
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार वेळा हे पत्र लिहून फाडलं. बाबांच्या गाठीची फुशारकी मारायला गेलो आणि तुझाच गळा आवळला. तेव्हा पत्र फाडून टाक म्हणालीस ते ऐकलं, पण अक्कल वापरायला विसरलो.

आजोबांपुढे जाऊन माल सोडा म्हणालो. ते म्हणाले की हा निर्णय ना तुझा ना माझा. तिथल्या बायका सोडा म्हणाल्या तर उद्या सकाळी सोडू, कुणी एक शब्द विचारणार नाही. पण त्या आठ जणींनाही विचारायला सांग. म्हणून विचारतो आहे.

काल एक पार्सल आलं. तिसऱ्याच कुठल्या देशात एका हॉस्पिटलचे कपडे धुणाऱ्या बायका आहेत. त्यांनी पेपरात वाचून एक जुनं गंजकं कुलूप पाठवलंय. त्यांच्या धुलाईघराला ते बाहेरून लागायचं, गेल्या वर्षी त्यांनी काढायला लावलं. तुमच्याकडे निघालं की पुढच्यांना द्या, अशी चिठ्ठी आहे. ते आम्ही खोलीत खिळ्याला अडकवलंय. मी तिकडे बघायचं टाळतो.

दोन ओळी लगेच टाक. शिव्या असल्या तरी चालतील. तुझा हात डोक्यावर असू दे, मारायला उगारलेला का असेना.

तुझा
धाकटा

ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
आ.

सोमवारी मुकादमाने आम्हा सहा जणींना गोदामात उभं केलं. मालक खुर्चीवर, मांडीवर ते कात्रण. एकेकीने पुढे येऊन एक गालिचा बांधायचा. माझा नंबर शेवटचा होता. मी मनात घोकत होते, एक वेढा, फक्त एक वेढा.

पहिली काकू गेली. गुडघे धरत बसली, दोरी घेतली आणि दोन वेढे दिले. शेपूट खालून आत, डावीकडे ओढ. मला वाटलं माझे डोळे मला फसवताहेत. दुसरीनेही तीच बांधली. तिसरीची जरा वाकडी झाली, पण तीच. चौथी आणि पाचवीचीही तीच. नंतर कळलं, काकूने अकरा वर्षं माझे हात बघितलेत. तिने पंधरा दिवस नळावर भांडी घासायच्या निमित्ताने सगळ्यांना शिकवली. मला सांगितलं नाही, कारण म्हणे माझा चेहरा सगळं सांगून टाकतो.

मग मी गेले. आता साधी बांधली असती तर मीच वेगळी दिसले असते रे! पण खरं सांगते, त्या क्षणी असला हिशेब डोक्यात नव्हता. हात आपले चालले. मालकाने सहा गाठी पाहिल्या, कात्रण पाहिलं. मुकादमाने काकूला विचारलं की ही गाठ कुणाची? ती म्हणाली की आमची.

सहा जणींना काढलं तर माल बांधणार कोण? म्हणून अजून कामावर आहोत. उद्याचं सांगता येत नाही. पाळी सुटल्यावर काढल्यापासून रोज फाटकाशी येऊन उभ्या राहणाऱ्या त्या आठ जणींकडे गेले. या वेळी मान वर करून गेले. त्यांना विचारलं. एकीने पदर खोचला आणि म्हणाली की तुझ्या भावाला सांग, ताडपत्री नीट झाक, गालिचे ओले व्हायला नकोत.

तेव्हा सोडू नका.

तुझी
ताई

ता. ८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., दोन्ही परत दिले.

काल दार उघडलं. माल घेणाऱ्यांचा माणूस स्वतः येऊन उभा राहिला तेव्हा मुकादमाच्या खिशातून किल्ली निघाली. बिजागऱ्या इतक्या गंजलेल्या की चौघींनी ढकललं तेव्हा हललं. बाहेर काही नाही, थोडं गवत आणि एक मोडकी बादली. सगळ्या जणी पाळी सोडून ते गवत बघत उभ्या राहिल्या. आज सकाळी आठ जणी कामावर आल्या. पुढच्या फाटकाने नाही, त्याच दाराने. पहिलीला चौकटीतून आत यायला मी हात दिला.

आता माल सोडा. आजोबांना माझा नमस्कार सांग.

कुलूप मुकादमाने भंगारात फेकलं होतं, ते काकूने उचलून आणलं. सोबत पाठवते आहे. त्या कपडे धुणाऱ्या बायकांच्या कुलपाशेजारी अडकव आणि कुणी मागेल तेव्हा दोन्ही पुढे धाडा. किल्ली मिळाली नाही, पण तिचं काम नाही. पुडक्याची दोरी कापू नकोस. गाठ फाटकावरच्या त्या पदर खोचणारीने बांधली आहे, तिचा पहिलाच प्रयत्न. शेपूट ओढून बघ, आणि सुटली का ते उलट टपालाने कळव. ती रोज विचारते.

तुझी
ताई