पान एकशे सतरा

प्रिय आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की पाण्याच्या पाइपांवरचा माझा लेख दोनशे चौदा जणांनी वापरला. ते चूक आहे. दोनशे चौदा लेखांत माझ्या लेखाचा उल्लेख आहे, एवढंच खरं. एव्हाना तू तो आकडा सगळ्या शेजारणींना सांगितला असशील, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहिते.

झालं असं, की माझी नोकरी कायम करायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीच्या अर्जात एक रकाना आहे: आपल्या संशोधनाचा इतरांवर काय परिणाम झाला? बाकीचे तिथे आकडा लिहितात. मी तो प्रश्न खरा मानला आणि ते दोनशे चौदा लेख वाचायला काढले. शेजारच्या टेबलावरची सहकारीण हसून म्हणाली, "अगं, उल्लेख मोजायचे असतात. वाचतं का कुणी?" तिचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बहुतेक सगळ्यांनी माझा लेख पान एकशे सतरावर आहे असं लिहिलंय. मासिकाच्या त्या अंकात तो पान एकशे एकाहत्तरवर आहे. एकशे सतरावर बर्फ वितळण्याच्या वेगावर कुणाचातरी लेख आहे, आणि तो बिचारा फार चांगला आहे.

ही चूक कुठून आली तेही शोधलं. आमच्या विभागात एक तयार यादी आहे. नवीन मुलगा किंवा मुलगी आली की विभागप्रमुख सर ती यादी देतात, आणि ती प्रत्येक लेखाच्या शेवटी जशीच्या तशी चिकटवायची. त्या यादीत माझा लेख मीच टाइप केला होता, आणि आकडे उलटे टाकले होते. आमच्याकडून एकाहत्तर लेखांत ती चूक गेली, तिथून बाहेरच्या एकशे एकोणीस जणांनी उचलली. म्हणजे एकशे नव्वद जणांनी माझा लेख उघडलाच नाही. उरलेल्या चोवीसांपैकी तेवीस जणांनी पहिल्या परिच्छेदात दहाबारा नावांच्या गर्दीत मला उभं केलंय. एकाने मात्र खरोखर वापरलाय. एका पाणीपुरवठा केंद्रातले इंजिनिअर आहेत.

मी आनंदाने त्यांना पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, की बरं झालं तुम्हीच लिहिलंत, मला एक शंका आहे. व्हॉल्व्ह फार झटकन बंद केला तर थांबलेल्या पाण्याचा पाइपाला आतून दणका बसतो. तो बसू नये म्हणून बंद करायला किमान किती सेकंद घ्यावेत, हे माझं सूत्र सांगतं. त्यांनी तेवढे सेकंद घेतले, तरी पाइपाच्या तिसऱ्या फाट्यावर दाब माझ्या उत्तरापेक्षा बराच जास्त येत होता. मी म्हटलं, मीटर बिघडला असेल. आत्या, मी मीटरला दोष दिला! मग चार दिवस सिद्धता पुन्हा केली. मीटर बरोबर होता. फाट्यांवरून परत येणारा दणका मी नगण्य धरला होता, आणि "फाटे असले तरी सूत्र लागू" असं ठोकून दिलं होतं. फाटे असतील तर जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

तुझ्या शिवणकामाच्या टेबलावर मी अकरा वर्षांची होईपर्यंत शिकले, तेव्हा एक टाका चुकला तरी तू अख्खी शिवण उसवायला लावायचीस. मी रडायचे आणि उसवायचे. इथे उसवायलाच बंदी आहे. लेखावर माझ्याबरोबर सरांचंही नाव आहे, आणि त्यांना सांगून दोन महिने झाले. आधी म्हणाले, बघतो. मग म्हणाले, "दोनशे चौदा लोकांना चालतंय, तुला एकटीलाच का टोचतंय?" आता म्हणतात, समितीची बैठक होऊन जाऊ दे. त्या बैठकीत माझी नोकरी आहे आणि त्यांचं नवीन संशोधन केंद्रही आहे, आणि दोन्ही ठिकाणी हाच लेख सगळ्यात वर आहे. दर सोमवारी मी त्यांच्या दाराशी उभी राहते आणि दर सोमवारी ते चष्मा पुसतात.

इंजिनिअरना मी फोनवर सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "मॅडम, माझा विश्वास आहे हो. पण तोंडी सांगण्यावर वरचे साहेब व्हॉल्व्हला हात लावू देत नाहीत. छापील सूत्र आहे, छापील दुरुस्ती, नाहीतर निदान तुमच्या सहीचा कागद आणा म्हणतात." पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्यांची फाट्यांची नवी लाइन सुरू होते. व्हॉल्व्ह फिरवायला दोन माणसं खड्ड्यात उतरतात. त्यातल्या एकाचं नाव त्यांनी सांगितलं, तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

आता जे लिहायला मी इतकी पानं घेतली ते. सर तुझे वर्गमित्र. मला इथे घेतलं ते तुझ्या शब्दावर. परवा ते म्हणाले, "तुझी आत्याही अशीच शंकेखोर. सगळं येत होतं, पण शंका काढत बसली, म्हणून तर मागे राहिली." मी 'हो सर' म्हणून बाहेर आले, याची लाज वाटते. ते तुला फोन करणार आहेत, पोरीला समजाव म्हणून. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू थांब म्हणालीस तर मी थांबेन, हे मला माहीत आहे, म्हणून कृपा करून म्हणू नकोस. बुधवारी अर्जावर सही करायची आहे, की यातलं सगळं माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहे. त्याच्या आदल्या दिवशी मी दुरुस्ती माझ्या एकटीच्या नावाने मासिकाला पाठवणार आहे, आणि तिची सही केलेली प्रत इंजिनिअरना. मंगळवारी, सोळा तारखेला.

तुझीच,
शंकासूर