पाठीच्या इंजेक्शनला जाताना

नूतन,

शेजारच्या गुंताअक्कांसोबत दवाखान्यात जाते आहे. दोन खांद्यांमधली कळ गोळ्यांना जुमानत नाही, म्हणून डॉक्टर आज दुखरी नस बधिर करायचं इंजेक्शन देणार आहेत. अमृतला सांगितलं नाही. मागच्या वेळी "मणकामा सुई लिधी तं खाटवरच पडी ऱ्हाशी, माय," म्हणत त्यानं मला दवाखान्याच्या दारातून परत आणलं होतं.

साखरपुड्याच्या ऑर्डरचे मांडे आता तुझ्या हातचे. पुरण वाटून ठेवलं आहे. मांड्याची पोळी हातांवर फिरवताना खांदे उचलू नकोस, बाई. मी जन्मभर उचलले, त्याचंच हे दुखणं.

भीती मलाही आहे, पण भिंतीला टेकून रात्र काढण्यापेक्षा ती हलकी आहे.

अमृतला आधी जेवू घाल, मग सांग. रागावेल. रागातच का होईना, मला न्यायला त्यालाच पाठव.

आई