गडहिंग्लजच्या गाडीखाली

वस्ताद, आज सकाळी चाचीनं निरोप पाठवला की गाडी भंगारात घालायची आहे, एकदा येऊन बघून जा. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तेरा वर्षं ती गाडी तुमच्या परसात विटांवर उभी आहे, टपावर भोपळ्याचा वेल चढलाय. दुपारची चाची तुम्ही बसवलेल्या बाकावर आडवी होते आणि कोंबड्या ड्रायव्हरच्या सीटखाली अंडी घालतात. निरोप ऐकला आणि मी हातातलं काम खाली ठेवलं, तुम्ही असताना तुमच्या गाडीचा हॉर्न ऐकला की ठेवायचो तसं. तसं का करायचो हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते आज लिहायला बसलोय. कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्न नाहीच.

सगळं त्या गोऱ्या जोडप्यापासून सुरू झालं. पुणे-बेंगलोर रस्त्यावर त्यांची व्हॅन बंद पडली आणि ओढत तुमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये आणली. आत बिछाना, शेगडी, पडदे, हात धुवायला पत्र्याचं भांडंसुद्धा. तुम्ही गिअरबॉक्समध्ये मान घालून बसलात आणि तुमचा डबा घेऊन आलेली चाची त्या व्हॅनमध्ये चढली ती अर्धा तास उतरलीच नाही. ती शेगडीचं झाकण उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. घरी गेल्यावर तिनं तुम्हाला एवढंच विचारलं म्हणे, की आपण जन्मभर दुसऱ्यांच्याच गाड्या वाटेला लावत बसायचं का. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस मिरजेच्या पुढे गेला नव्हता. मूलबाळ नव्हतं, कंबर कामातून गेली होती. तुम्ही ठरवलंत, स्वस्तातली जुनी व्हॅन घ्यायची आणि तिचं घर करायचं. मिस्त्रीला म्हातारचळ लागला असं अख्खं उद्यमनगर म्हणालं. मीही त्यात होतो, फक्त तुमच्या पाठीमागं.

मी तेव्हा तुमच्याकडून सुटून स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं, तरी गाडी बघायला तुम्ही मलाच घेऊन निघालात. कुरुंदवाडला एका बेकरीची व्हॅन होती, रंग असा की तोंड बघून घ्यावं. तुम्ही बॉनेटला हात लावला नाही. दाराचं रबर ओढलंत, खाचेत बोट घातलंत आणि पिठासारखा मऊ गाळ काढून मालकाच्या तळहातावर ठेवलात. म्हणालात, पुरात न्हाऊन आलेली गाडी वरून वाळते, आतून वाळत नाही. गारगोटीची व्हॅन पूर्वी आजारी माणसं न्यायला होती. इंजिन झकास. चाचीनं आत एक पाय ठेवला आणि काढून घेतला. म्हणाली, हितं माणसं कण्हत गेल्यात, हितं मी चूल मांडणार न्हाय. जगाशी वाद घालणारे तुम्ही, गुमान परतीच्या वाटेला लागलात.

तिसरी गडहिंग्लजची. गुळाच्या एका व्यापाऱ्याच्या अंगणात उभी होती. निळी. फाटकातून शिरतानाच मी ती ओळखली. आठ महिन्यांपूर्वी हाच माणूस ती माझ्या दुकानात घेऊन आला होता. मागच्या पाट्याजवळ चासीला, गाडीच्या कण्यालाच, तडा गेला होता. तडकलेल्या चासीला नुसतं वेल्डिंग पुरत नाही, वरून लोखंडी पट्टी लावून रिबिटा मारायच्या, हे तुम्ही आम्हाला बाराखडीसारखं घोटवलेलं. पण तो म्हणाला, पट्टी दिसते, मला गाडी विकायची आहे. दुकान नवीन होतं, गिऱ्हाईक मोठं होतं. मी वेल्डिंग केलं, घासून सपाट केलं, पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी भरली आणि वर काळा रंग मारला. ती गाडी कोण घेईल, तिच्यात कोण बसेल, हे मनात आलंच नाही असं म्हणणार होतो. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

आणि आता तुम्ही माझ्या हातात लोहचुंबक देताय. मोडक्या रेडिओतला, चाचीच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला. लोखंडाला धरतो, लांबीला धरत नाही, म्हणून तुमचा त्याच्यावर माणसापेक्षा जास्त विश्वास.

"माजी कंबर वाकत न्हाय," तुम्ही म्हणालात. "तू बघ. तुझं डोळं त्येच माजं डोळं."

मी गाडीखाली उताणा पडतो. डोक्यावर चाचीची पावलं वाजताहेत. ती आत चालून मापं घेतेय, शेगडी कुठं, बिछाना कुठं, आणि मोठ्यानं स्वतःशीच बोलतेय. बाजूला व्यापाऱ्याचे बूट, अजिबात न हलणारे. मी चासीवरून चुंबक नेतो. तो चिकटत, सरकत जातो आणि त्या जागी सुटून माझ्या तळहातात पडतो. वरून तुम्ही विचारता, काय रं, कसं हाय. सांगितलं असतं तर तुम्ही खरवडायला लावलं असतंत आणि हात ओळखला असतात. मी डावखुरा. माझ्या वेल्डिंगचे खवले उलटे कलतात, आणि आतल्या बाजूनं घासायला माझा हात पोचला नव्हता. व्यापाऱ्याचा बूट किंचित हलला.

"ठीक हाय, वस्ताद," मी म्हणालो.

पहिल्याच फेरीला तुम्ही समुद्र दाखवायला चाचीला घेऊन आंबोलीचा घाट उतरलात. तुम्ही परत यायला चार दिवस लागले. दुकानापुढे कुणी जीप थांबवली तरी वाटायचं, सांगायलाच आला. रोज एस. टी. स्टँडवर जाऊन सावंतवाडीहून आलेल्या ड्रायव्हरना विचारायचो, निळी व्हॅन दिसली का, कुठल्या वळणावर, उभी होती का चालत होती. एक ड्रायव्हर म्हणाला, बापाची एवढी काळजी करणारा पोरगा पहिल्यांदाच बघतोय. मला तिथं उभं राहवेना. तुम्ही परत आलात की मी ठरवून तुमच्या घरी यायचो, आज सांगायचंच. चाची चहा टाकायची, शिंपले दाखवायची, तुम्ही घाटाचं वर्णन करायचात, मी चहा पिऊन उठायचो. अशी चार वर्षं. मग दम्यानं तुम्ही घरात, अंथरुणावर गेलात. तुम्हाला खांदा देताना मी रडत होतो आणि त्याच वेळी मला सुटल्यासारखं वाटत होतं, की गाडीनं नाही नेलं. हे लिहितानाही लाज वाटते.

आज सतरा-अठरा वर्षांनी पुन्हा तिच्याखाली शिरलो. बॅटरी मारली. त्या जागी पट्टी आहे, वस्ताद. दोन फूट लांब, आठ रिबिटा, तापवून मारलेल्या, प्रत्येकीचं डोकं गोल गरगरीत. रिबीट एकट्यानं मारता येत नाही. एक ठोकतो, दुसरा मागून जड ठोकळा दाबून धरतो. चाकाशी चाचीची पावलं दिसत होती. मी खालूनच विचारलं, वस्तादांना ठोकळा कुणी धरला.

"मीच धरला हुता," चाची म्हणाली. "गाडी आणली त्याच हप्त्यात. माजा हात किती दीस बधिर हुता." मग म्हणाली, "हे म्हणायचे, पोरगं सांगाय येईल. तू आलास की मला खुणवायचे. चा टाक, आज सांगतंय बघ."

मी तिथंच पडून राहिलो. म्हणजे कंबर मोडलेली असताना तुम्ही खाली शिरलात, माझा उलटा खवला ओळखलात, आणि घाट निवांत उतरत राहिलात. भीती सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला ठेवलीत. मला तुमचा राग आला, खरं सांगतो. एका शब्दानं तुम्ही मला मोकळं करू शकला असतात. पण तो शब्द तुम्ही माझ्याकडून ऐकायला बसला होतात.

बाहेर आलो तर चाचीनं माझ्या पाठीवरची माती झटकली आणि हळूच विचारलं, तवा तुला दिसलं न्हवतं का रं. तिला सगळं माहीत आहे, मला ते माहीत आहे, तुमच्यामागं आता ऐकायला तीच उरली आहे.

"खाली अंधार हुता, चाची," मी म्हणालो.

गडहिंग्लजला त्या दिवशी भर दुपार होती, वस्ताद. चाची आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. उद्या जाऊन तिला खरं सांगेन, असं इथं लिहिणार होतो. पण तुम्ही मला ओळखता.